आपलं शरीर स्वतःच प्रतिजैविकं बनवतं, मग ती औषधाच्या दुकानात का मिळत नाहीत?

सूक्ष्मदर्शी

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. पुस्तकात त्याचं उत्तर दोन ओळींत उरकलेलं असतं. इथे डॉक्टर, रुग्ण, शेतकरी असे सगळेच आहेत, म्हणून धागा काढतोय.

१९८७ ची गोष्ट. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झासलॉफ आफ्रिकन नखवाल्या बेडकांवर काम करत होते. अंडाशयातली अंडी काढायची, पोट शिवायचं आणि बेडूक पुन्हा त्याच टाकीत सोडायचा. टाकीचं पाणी जिवाणूंनी भरलेलं. तरीही जखमा चिघळत नव्हत्या, ना पू ना सूज. झासलॉफ यांनी त्या कातडीतून २३ अमिनो आम्लांचे दोन छोटे रेणू वेगळे काढले आणि त्यांना मॅगेनिन हे नाव दिलं. त्याआधी १९८१ मध्ये स्वीडनच्या हान्स बोमन यांच्या गटाला सेक्रोपिया पतंगाच्या कोशात असेच रेणू सापडले होते. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या रॉबर्ट लेहरर यांच्या गटाने माणसाच्या पांढऱ्या रक्तपेशींतली डिफेन्सिन्स ही अशीच छोटी प्रथिनं दाखवली. मग मात्र जिथे शोधावं तिथे ती सापडत गेली. कातडीत, आतड्यात, अश्रूंत, लाळेत, आईच्या दुधात. घामातलं डर्मसिडिन २००१ मध्ये जर्मनीत ट्यूबिंगेनला सापडलं.

सगळी मिळून यांना अँटिमायक्रोबियल पेप्टाइडं म्हणतात. साधारण १० ते ५० अमिनो आम्लं, अंगावर धन भार, एक बाजू पाण्याकडे ओढ घेणारी आणि दुसरी चरबीकडे. जिवाणूच्या पेशीपटलाचा बाहेरचा थर ऋण भाराचा असतो, म्हणून ही त्याला जाऊन चिकटतात आणि आत घुसतात. पखालीला भोकं पडावीत तसा जिवाणू गळू लागतो. आपल्या पेशींचा बाहेरचा थर जवळपास भाररहित असतो, शिवाय त्यात कोलेस्टेरॉल असतं. त्यामुळे आपण सहसा वाचतो.

इतकं सुरेख यंत्र. मॅगेनिनपासून पेक्सिगॅनन नावाचं मलम तयार झालं, मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी नाकारली. २०१६ मध्ये पुन्हा मोठ्या चाचण्या झाल्या. त्यात ते औषध नसलेल्या मलमापेक्षा सरस ठरलं नाही.

म्हणून विचारतो, अडलंय कुठे? आणि ही पेप्टाइडं ज्यांच्या शरीरात कमी किंवा जास्त आहेत, अशांचे अनुभव इथे कुणाकडे आहेत का?

शेवंता

वाचतेय. पावसाळ्यात आमच्या न्हाणीघरात बेडूक येतात आणि सासूबाई त्यांना झाडूने बाहेर काढतात. आज त्यांना ही गोष्ट वाचून दाखवली, तर म्हणाल्या, "असू दे बाई, राहू दे मग एखादा."

कोरडीवाट

"कमी किंवा जास्त" असं विचारलंत म्हणून लिहितो. मला सोरायसिस आहे, बरीच वर्षं. कोपरं, गुडघे, डोक्याची त्वचा. थंडीत खपल्या निघतात, भेगा पडतात, रक्तही येतं. पण एक गोष्ट लक्षात आली. एवढी उघडी कातडी असून त्यात जंतुसंसर्ग जवळपास कधीच झाला नाही. शेतातली माती लागते, गुरांचं शेण लागतं, तरी पू नाही. घरच्यांना वाटायचं माझी प्रतिकारशक्ती दांडगी आहे. मग हा आजार का, याचं समाधानकारक उत्तर कुणी दिलं नाही. "प्रतिकारशक्ती वाढवा" असा सल्ला देऊन काढे विकणारे मात्र पुष्कळ भेटले.

मोगरा_ठाणे

कोरडीवाट, माझ्या मुलाचं बरोबर उलटं आहे. त्याला एक्झिमा आहे, डॉक्टर अटॉपिक डर्मटायटिस म्हणतात. गुडघ्याच्या आणि कोपराच्या वळणात लाल होतं, तो खाजवतो आणि बघता बघता पिवळ्या खपल्या धरतात. स्टॅफ जिवाणू म्हणून अहवाल येतो. प्रतिजैविकाचं मलम, थोडे दिवस बरं, पुन्हा तेच. तुमची उघडी कातडी स्वच्छ राहते आणि याच्या जरा ओरखड्यात पू होतो, हे वाचून मी चकित झालेय. कुणी जाणकार सांगेल का?

त्वचा_आणि_मी

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. या दोन प्रतिसादांत मिळून एक अख्खा शोधनिबंध आहे. २००२ मध्ये डेन्व्हरच्या संशोधकांनी नेमकी हीच तुलना केली होती. सोरायसिसच्या चट्ट्यांत एलएल-३७ आणि बीटा-डिफेन्सिन-२ ही दोन पेप्टाइडं भरपूर सापडली, एक्झिमाच्या चट्ट्यांत फार कमी. एक्झिमात ज्या प्रकारची दाहप्रक्रिया चालते, तिच्यातले संदेशरेणूच या पेप्टाइडांचं उत्पादन दाबतात. मोगराताई, तुमच्या मुलाच्या त्वचेत स्टॅफ वारंवार ठाण मांडतो त्याचं हे एक कारण. दुसरं कारण त्वचेचा अडसरच कमकुवत असणं. म्हणून मॉइश्चरायझर चुकवू नका. खाज-दाह आटोक्यात ठेवणारं मलम सांगितलं असेल तर भीतीपोटी मध्येच थांबवू नका. दाह उतरला की त्वचेचा स्वतःचा बंदोबस्तही सुधारतो.

बीटा-डिफेन्सिन-२ सापडलं तेच मुळी सोरायसिसच्या रुग्णांच्या खपल्यांत. १९९७, जर्मनीतलं कील विद्यापीठ. खपल्या गोळा करून त्यांच्या अर्कातून ते वेगळं काढलं.

आता कोरडीवाट यांचा प्रश्न. एलएल-३७ हे कॅथेलिसिडिन नावाच्या पेप्टाइड-घराण्यातलं, माणसातलं एकमेव. जिवाणू मारणं हे त्याचं एकच काम नाही. मेलेल्या पेशीतून आपलाच डीएनए बाहेर सांडला, तर एरवी शरीर त्याकडे दुर्लक्ष करतं. पण एलएल-३७ त्या डीएनएला चिकटलं, की त्याचा असा गठ्ठा होतो जो पहारेकरी पेशींना विषाणूच्या डीएनएसारखा भासतो. त्या इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारे रेणू सोडतात, दाह सुरू होतो, दाहामुळे आणखी एलएल-३७ तयार होतं. हे चक्र २००७ मध्ये उलगडलं. २०१४ मध्ये असंही दिसलं की सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांत टी-पेशी खुद्द एलएल-३७ लाच परकं समजून त्यावर चालून जातात.

म्हणजे तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही. ती चुकीच्या ठिकाणी जागी आहे. असा आजार असलेल्याला "इम्युनिटी वाढवा" सांगणं हे मला फार त्रासदायक वाटतं. माझ्याकडे असे काढे घेऊन चट्टे पसरवून आलेले रुग्ण येतात. चेहऱ्यावरच्या रोझेशियातही हेच. तिथे कॅथेलिसिडिन जास्त असतं आणि ते कापणारं विकरही जास्त असतं, त्यामुळे भलत्याच लांबीचे तुकडे तयार होऊन चेहरा लाल होतो.

कोरडीवाट

डॉक्टर, हे मला आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. वडिलांना वाचून दाखवणार आहे. ते अजून गुळवेलीचा आग्रह धरतात.

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

उन्हातला_माणूस

मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं, की औषध कशाला हवं? शरीरच बनवतं ना, मग त्याला कच्चा माल द्या. ड जीवनसत्त्व. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय की क्षयाचा जिवाणू समोर आला की मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी ड जीवनसत्त्वाच्या मदतीने एलएल-३७ बनवतात आणि जिवाणूला मारतात. रक्तात ड कमी असेल तर हे कमी होतं. आणि शंभर वर्षांपूर्वीचे लोक वेडे नव्हते. क्षयरोग्यांना सॅनेटोरियममध्ये उन्हात ठेवायचे. नील्स फिन्सेन यांना तर कातडीचा क्षय प्रकाशाने बरा केल्याबद्दल १९०३ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे एवढं ऊन असून लोकांत ड कमी आणि क्षय जास्त. दोन आणि दोन चार.

अजून_एक_पुणेकर

+१. सकाळचं ऊन फुकट आहे.

सूक्ष्मदर्शी

उन्हातला_माणूस, २००६ चं काम अस्सल आहे आणि मला ते फार आवडतं. त्यातला एक तपशील तर कमाल आहे. ड जीवनसत्त्वाने चालू होणारा हा खटका कॅथेलिसिडिनच्या जीनमध्ये फक्त माणसात आणि आपल्या माकडवर्गीय नातलगांत आहे, उंदरात नाही. त्यामुळे नुसत्या उंदरांवर काम करणाऱ्यांना तो कधीच दिसला नसता.

पण दोन आणि दोन चार इथे होत नाहीत. फिन्सेन यांच्या दिव्याचं २००५ मध्ये पुन्हा परीक्षण झालं. त्यांच्या भिंगांतून ड जीवनसत्त्व बनवणारे आखूड तरंगलांबीचे किरण पलीकडे जातच नव्हते. क्षयाच्या जिवाणूत पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात, त्यांच्यावर प्रकाश पडून जिवाणू मरत असावा, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. आणि मंगोलियात जवळपास ९ हजार शाळकरी मुलांना ३ वर्षं दर आठवड्याला ड जीवनसत्त्व दिलं गेलं. त्या मुलांत कमतरता प्रचंड होती. २०२० मध्ये निकाल आला, क्षयाची लागण कमी झाली नाही. रक्तातलं ड वाढलं, पण लागण तेवढीच राहिली.

उन्हातला_माणूस

मंगोलियाचा अभ्यास लागण होण्यापुरता आहे. झालेल्या आजारात उपचाराबरोबर ड दिलं तर? एका अभ्यासावरून मी ऊन सोडणार नाही.

छातीचा_डॉक्टर

ऊन सोडू नका, हाडांसाठी ते हवंच. कमतरता असेल तर मी क्षयरुग्णांनाही ड देतो. पण उपचारात ड घालून जे प्रयोग झाले, त्यांचे निकाल एकाच दिशेचे नाहीत. थुंकीतले जंतू लवकर जावेत असा ठोस, सगळ्यांना लागू पडणारा फायदा दिसलेला नाही. माझी कळकळ वेगळीच आहे. कुणी ऊन आणि गोळ्या यांच्या भरवशावर क्षयाचं औषध अर्धवट सोडलं, की पुढे जो औषधांना न जुमानणारा क्षय होतो, तो मी रोज बघतो. पूर्ण कोर्स करा. बाकी सगळं त्याच्या जोडीला.

हळदकुंकू

हळदीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? कर्क्युमिनने एलएल-३७ वाढतं असं अमेरिकेत सिद्ध झालंय ना?

सूक्ष्मदर्शी

२०१२ चा ओरेगॉनचा अभ्यास. काचेच्या बशीतल्या पेशींवर. तिथे वाढलं, हे खरं. पण कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच कमी जातं. वरणातल्या हळदीने त्या बशीतली तीव्रता शरीरात गाठता येत नाही. आतड्याच्या अस्तराला मात्र ते थेट भेटतं, त्यामुळे तिथे काय होतं हा प्रश्न रास्त आहे.

आतड्याचं याहून पक्कं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. ढाक्यात रक्ती हगवणीच्या रुग्णांवर काम झालं. २००१ मध्ये दिसलं की शिगेला जिवाणू आतड्याच्या अस्तरातलं एलएल-३७ चं उत्पादनच बंद पाडतो. आधी पहारा उठवतो, मग शिरतो. पुढे २००६ मध्ये त्याच गटाने सशांना ब्युटिरेट पाजलं तर बंद पडलेलं पेप्टाइड पुन्हा सुरू झालं आणि आजार हलका झाला. हे ब्युटिरेट आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणू चोथ्यापासून बनवतात. म्हणजे भाकरी, डाळी, भाज्या यांतला न पचणारा भाग.

हळदकुंकू

म्हणजे ज्वारीची भाकरी. ठीक आहे, हळद तिच्याबरोबर भाजीत असतेच.

आजीचा_बटवा_नाशिक

एक वेगळा विषय, पण याच पेप्टाइडांचा. मी प्रसूतिगृहात परिचारिका होते. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर पांढरा, लोण्यासारखा थर असतो. घरच्यांना तो घाण वाटतो. कधी एकदा बाळाला न्हाऊ घालतो असं आज्यांना होतं. गरम पाणी, डाळीचं पीठ, खसाखसा चोळून तो थर काढायचा. मला आधी प्रशिक्षणात फक्त "बाळ गारठतं म्हणून लगेच अंघोळ नको" एवढंच शिकवलं होतं. नंतर कळलं की त्या थरात एलएल-३७, डिफेन्सिन्स, लायसोझाइम हे जंतू मारणारं विकर, सगळं असतं. स्वीडनमध्ये त्याचं मोजमाप झालंय. जंतूंनी भरलेल्या जगात आलेल्या बाळाची ती पहिली राखण. जागतिक आरोग्य संघटनाही पहिली अंघोळ २४ तासांनंतर घाला म्हणते.

मी आज्यांशी कधी वाद घातला नाही. त्यांच्या हातात बाळ द्यायचे आणि म्हणायचे, "आजी, देवाने तेल लावून पाठवलंय, एक दिवस राहू द्या." बहुतेक जणी ऐकायच्या. तो थर एका दिवसात आपोआप जिरतो.

मोगरा_ठाणे

आजी, हे माझ्या बाळंतपणात कुणी सांगितलं असतं तर! जाऊबाईंचे दिवस भरत आलेत, त्यांना पाठवतेय.

खरवसप्रेमी

अवांतर: आईच्या चिकात ही पेप्टाइडं असतात म्हणताय, मग गाईच्या चिकाचा खरवस हाही औषधच झाला. मी आजपासून दोन वाट्या खाणार, आणि बायकोला हा धागा दाखवणार.

त्वचा_आणि_मी

खरवस चवीसाठी जरूर खा. चिकात लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन असतं हे बरोबर. पोटातल्या पेप्सिनने ते कापलं गेलं की त्यातून लॅक्टोफेरिसिन नावाचं जोरकस पेप्टाइड सुटतं. पण खरवस वाफवल्यावर ते प्रथिन मूळ रूपात फारसं उरत नाही.

शिवाय गाईच्या लॅक्टोफेरिनची गोष्ट सूक्ष्मदर्शी यांच्या प्रश्नाशीच जोडलेली आहे. २००९ मध्ये इटलीतल्या चाचणीत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते दिल्यावर रक्तातला जंतुसंसर्ग कमी दिसला होता. मोठी आशा निर्माण झाली. मग ब्रिटनमध्ये २,२०३ बाळांवर चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. काहीही फरक नाही. बाळासाठी आईचा स्वतःचा चीक मात्र पहिल्या तासातच द्यायचा. त्यात हे एकच प्रथिन नसतं, शेकडो गोष्टी असतात.

दातदुखी

दंतवैद्य आहे, एक दुर्मीळ आजार नोंदवतो. कोस्टमन सिंड्रोम. स्वीडनमध्ये प्रथम वर्णन झालं. या मुलांच्या रक्तात न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच नसतात. आता औषधाने पेशींची संख्या वर आणता येते, मुलं जगतात. पण हिरड्या सडतच राहतात, लहान वयात दात हलतात. २००२ मध्ये कारण सापडलं. औषधाने पेशी आल्या, पण त्यांच्यात एलएल-३७ नव्हतं, लाळेतही नव्हतं. त्यातल्या ज्या एका रुग्णाचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं होतं, त्याच्यात ते होतं. रक्तचाचणीत संख्या बरोबर, पण पेशीची झोळी रिकामी. हे पेप्टाइड माणसात नेमकं कुठे कामाला येतं याचा इतका स्वच्छ पुरावा मी दुसरा वाचलेला नाही.

सह्याद्रीचा_भटक्या

बेडकांचा विषय निघालाच आहे तर आपल्या घाटातल्या बेडकाला का विसरायचं? हायड्रोफायलॅक्स बहुविस्तार. २०१५ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी याला वेगळी प्रजाती म्हणून नोंदवलं. महाराष्ट्र, गोव्यापासून खाली दूरवर आढळतो, म्हणून तसं नाव. पाठ विटकरी, बाजू काळसर. डबक्यांच्या आणि भातखाचरांच्या कडेला दिसतो.

तिरुअनंतपुरमच्या राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्राने आणि अमेरिकेच्या एमरी विद्यापीठाने याच्या कातडीवरचा स्राव गोळा केला. ३२ पेप्टाइडं तपासली, चार फ्लूच्या विषाणूवर चालली. त्यातली एकच अशी निघाली जी आपल्या लाल रक्तपेशी फोडत नाही. ती उरुमिन. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. एच१ प्रकारच्या फ्लूपासून तिने उंदीर वाचवले, एच३ वर मात्र ती चालत नाही. आणि बेडूक मारावे लागले नाहीत. सौम्य विजेने स्राव घेतला आणि त्यांना परत सोडून दिलं.

खाचरं बुजवून रिसॉर्ट उभी राहताना बघतो तेव्हा पोटात कालवतं. कुठल्या डबक्यात काय आहे, हे आपल्याला माहीत व्हायच्या आत ते डबकं जातं.

शेवंता

भटक्या, फोटो असेल तर टाका ना. आमच्या न्हाणीघरातला तोच का ते बघायचंय.

सह्याद्रीचा_भटक्या

न्हाणीघरात येणारा बहुधा साधा भेक असतो. त्याच्याही कातडीत बरंच काही असतं, पण हाताळल्यावर हात धुवा.

आयसीयू_रात्रपाळी

"औषधाच्या दुकानात का मिळत नाहीत" या प्रश्नाच्या आधारालाच माझी हरकत आहे. मिळतात. कोलिस्टिन हे पेप्टाइडच आहे. मातीतल्या जिवाणूने बनवलेलं, धन भाराचं, जिवाणूचं पटल फोडणारं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिमिक्सिनचं हे घराणं सापडलं. मूत्रपिंडाला घातक म्हणून सत्तरच्या दशकात ते मागे पडलं. मग बाकी सगळी प्रतिजैविकं निकामी होऊ लागली तसं परत आलं. आमच्या अतिदक्षता विभागात क्लेब्सिएला जिवाणू कशालाच दाद देत नाही तेव्हा शेवटी तेच काढतो आणि मूत्रपिंड कसं चाललंय ते कळावं म्हणून रोज क्रिएटिनिन बघत बसतो. एक अवयव वाचवायला दुसरा पणाला लावणं म्हणजे काय, ते रुग्णाच्या मुलाला समजावून सांगताना जड जातं.

आणि हे शेवटचं औषध आपण कोंबड्यांना खाऊ घालत होतो. वजन वाढावं म्हणून.

कुक्कुटपालक_सांगली

बरोबर आहे, खाद्याच्या पोत्यातच यायचं ते. मी करार पद्धतीने पक्षी वाढवतो. पिल्लू, खाद्य, औषध सगळं कंपनीचं, शेड आणि मेहनत आमची. पावडरच्या डब्यावरचं नाव वाचायची आम्हाला कधी गरज वाटली नाही. २०१९ च्या जुलैत केंद्राने जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आणली, तेव्हा पशुवैद्यकांनी बैठक घेतली आणि पहिल्यांदा समजलं की दवाखान्यात शेवटी देतात ते हे औषध. माझी पुतणी तेव्हा दवाखान्यात होती, म्हणून मनाला फार लागलं. बंदीनंतर मर वाढेल अशी भीती होती. आम्ही तूस लवकर बदलायला लागलो, पाण्याची लाइन धुवायला लागलो, शेडमध्ये हवा खेळती ठेवली. चाललं. आधीच करता आलं असतं.

आयसीयू_रात्रपाळी

दादा, तुमच्यासारख्यांनी इथे लिहावं म्हणूनच मी या धाग्यावर आलो. चीनमध्ये २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये एमसीआर-१ हा जीन जाहीर झाला, डुकरांतल्या जिवाणूत सापडलेला. त्याच्यामुळे पटलावरच्या लिपिड-ए या चरबीच्या रेणूला एक रासायनिक गट चिकटतो, ऋण भार घटतो, कोलिस्टिन चिकटतच नाही. आणि हा जीन प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर आहे, त्यामुळे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातो.

मला झोप लागू दिली नाही ती पुढची गोष्ट आहे. २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने पाहिलं की एमसीआर-१ असलेले जिवाणू फक्त कोलिस्टिनलाच नाही, तर माणसाच्या, डुकराच्या आणि कोंबडीच्या शरीरातल्या पेप्टाइडांनाही जास्त तग धरतात. भाराचं गणित एकच आहे ना. आपण खाद्यात औषध घातलं आणि जिवाणूंना आपल्या जन्मजात प्रतिकाराविरुद्धच तयार केलं.

अजून_एक_पुणेकर

पण ही पेप्टाइडं तर कोट्यवधी वर्षं आहेत, जिवाणूंना प्रतिकार जमायचा असता तर कधीच जमला असता. पटलच बदलायचं म्हणजे जिवाणूला फार महाग. मला वाटतं कोलिस्टिन हा अपवाद आहे.

सूक्ष्मदर्शी

हेच मत खुद्द झासलॉफ यांचं होतं! कॅनडातले उत्क्रांतीशास्त्रज्ञ ग्रॅहम बेल यांनी त्याला आव्हान दिलं. मग दोघांनी भांडत न बसता एकत्र प्रयोग केला. ई. कोलाय आणि स्यूडोमोनास या जिवाणूंना पेक्सिगॅननची मात्रा हळूहळू वाढवत वाढवलं. सहाशे-सातशे पिढ्यांत जवळपास सगळ्या वंशांत प्रतिकार आला. २००६ मध्ये दोघांनी मिळून ते प्रसिद्ध केलं. विरोधकाबरोबर बसून आपलंच मत प्रयोगाला लावणारी माणसं मला विज्ञानात सगळ्यात प्रिय आहेत.

निसर्गातही तोडी आहेतच. स्टॅफ आपल्या पटलावर लायसिन हे धन भाराचं अमिनो आम्ल चढवून ऋण भार लपवतो, शिवाय एलएल-३७ कापणारं विकर सोडतो. साल्मोनेलाला तर आपल्या पेप्टाइडांची चाहूल घेणारी यंत्रणाच आहे. चाहूल लागली की पटलाची डागडुजी सुरू.

मग शरीरात ती कोट्यवधी वर्षं टिकली कशी? शरीर एकच पेप्टाइड, सगळीकडे, सतत ओतत नाही. लहान आतड्याच्या खोल खाचांत पॅनेथ पेशी असतात. त्या डिफेन्सिन-५ आणि ६ तिथल्या तिथे सोडतात. पाच नंबर मारतं, सहा नंबर मारतच नाही. ते धाग्यांची जाळी विणून जिवाणूला अडकवतं, हे २०१२ मध्ये कळलं. छोट्या आतड्याच्या क्रोन्स या दीर्घकाळच्या दाहाच्या आजारात याच पेशींचं डिफेन्सिन कमी पडलेलं असतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये फळमाशीतले अशा पेप्टाइडांचे बहुतेक जीन काढून टाकले, तर काही जिवाणूंना मारायला अनेक पेप्टाइडं मिळून लागतात आणि प्रॉव्हिडेन्सियासारख्या एखाद्याला डिप्टेरिसिन हे एकच पुरतं, असं दिसलं. प्रत्येक जागेचा वेगळा बेत आहे. आपण त्यातला एक रेणू उचलून ट्यूबमध्ये भरतो आणि तेवढ्याच कामाची अपेक्षा करतो.

लोहखनिज

छोटीशी भर. हेप्सिडिन हे २००० च्या सुमारास जंतुनाशक पेप्टाइड म्हणून सापडलं. पुढे कळलं की त्याचं खरं काम लोहाचं नियंत्रण आहे. संसर्ग झाला की यकृत ते वाढवतं, आतड्यातून आणि साठ्यातून लोह रक्तात यायचं थांबतं, जंतूला लोह मिळत नाही. पण दीर्घ आजारात रुग्णही पांढराफटक पडतो. क्षय झालेल्या एखाद्या बाईला लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन चढत नाही तेव्हा घरचे "गोळ्या खात नसेल" म्हणून त्या बाईला बोलतात. बऱ्याचदा ती खात असते.

छातीचा_डॉक्टर

लोहखनिज, शेवटचं वाक्य अगदी खरं. क्षयाचं औषध लागू पडलं की हिमोग्लोबिन बहुतेकदा आपसूक चढायला लागतं.

गोळीवाला

औषध उद्योगात आहे. मूळ प्रश्नाकडे परत. आमच्या बाजूने अडचणी अशा की पेप्टाइड पोटात घेतलं तर पचतं, रक्तात टोचलं तर विकरं थोड्या वेळात कापतात. रक्तातले क्षार आणि प्रथिनं त्याचा जोर कमी करतात, म्हणून बशीतल्या मात्रेच्या कितीतरी पट द्यावं लागतं. तेवढं दिलं की ते आपल्याही पेशी फोडू लागतं. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन जिवाणू मारतं, पण लाल पेशीही फोडतं. आणि एकेक अमिनो आम्ल जोडत बनवणं महाग. पेक्सिगॅननच्या पहिल्या चाचण्यांत तुलना ऑफ्लॉक्सॅसिनच्या गोळीशी होती. निकाल जवळपास सारखा आला. सारखंच काम करणारं नवं मलम कशाला, असा प्रश्न नियामकांना पडला. प्रतिजैविक जितकं कमी वापरावं तितकं चांगलं, म्हणून त्यात पैसा घालायलाही कुणी तयार नसतं. तरीही डॅप्टोमायसिन २००३ मध्ये बाजारात आलं, तेही पटलावर काम करणारं लिपोपेप्टाइडच. आणि निसिन हे पेप्टाइड तर आपण चीजमध्ये टिकाऊपणासाठी खातोच.

माझा भर आता दुसऱ्या वाटेवर आहे. बाहेरून पेप्टाइड ओतण्यापेक्षा, वर ढाक्याचं उदाहरण आलंय तसं, शरीराचं जिथे बंद पडलंय तिथेच ते चालू करायचं. कठीण आहे, कारण चालू केलेलं नको तिथे चाललं तर कोरडीवाट यांचा आजार होतो.

उन्हातला_माणूस

गोळीवाला, म्हणजे मी म्हणत होतो तेच की. कच्चा माल द्या.

गोळीवाला

दिशा तीच, फक्त जागा आणि मात्रा नेमकी हवी. तेवढ्यासाठीच अजून बरीच वर्षं जातील.

सूक्ष्मदर्शी

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सांगलीच्या दादांचे. यातलं बरंच काही वर्गात सांगणार आहे. मुलांना डोळ्यांनी दिसेल असं एखादं प्रात्यक्षिक करावं म्हणतोय. शुद्ध पेप्टाइड विकत घेणं महाविद्यालयाला परवडणार नाही. फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये लायसोझाइम जाहीर केलं, तेव्हा लिंबाच्या सालीने डोळ्यांत पाणी आणून अश्रू गोळा केले होते. मी अंड्याचा पांढरा बलक घ्यावा म्हणतो. लायसोझाइम हे विकर, पेप्टाइड नव्हे, पण त्याच पहाऱ्यातलं. ई. कोलायच्या गढूळ द्रावणात बलक घालून ते निवळतं का पाहायचं. कुणी केलंय का?

आयसीयू_रात्रपाळी

ई. कोलाय घेऊ नका, निराश व्हाल. त्याचं बाहेरचं पटल लायसोझाइमला भिंतीपर्यंत पोचू देत नाही. मायक्रोकॉकस ल्यूटियस घ्या, फ्लेमिंग यांचा जिवाणूही त्याच घराण्यातला. बलक मिठाच्या सौम्य द्रावणात पातळ करून गाळून घ्या, दुसऱ्या नळीत नुसतं मिठाचं द्रावण ठेवा. काही मिनिटांत पहिली नळी निवळायला लागते. मग त्याच दिवशी ई. कोलायची नळीही शेजारी ठेवा आणि ती का निवळली नाही ते मुलांनाच विचारा.

सूक्ष्मदर्शी

दोन्ही नळ्या ठेवतो. पुढच्या आठवड्यात निकाल इथेच टाकेन.